अनुभव धागा: जपानमधलं एम-१ ते डी-३ (मास्टर्सचं पहिलं वर्ष ते पीएचडीचं तिसरं). रडकथा नकोत, बारीकसारीक सांगा

तांबडारस्सा
कपाट आवरताना जुनं झाइर्यू कार्ड (परदेशी रहिवाशाचं ओळखपत्र) हाती लागलं, कायमचं परत निघताना विमानतळावर भोक पाडून देतात ते. त्यात भाच्याची सीओई (व्हिसासाठी लागणारं पात्रता प्रमाणपत्र) आली आहे, ऑक्टोबरचा प्रवेश. त्याच्यासाठी यादी करायला बसलो आणि कळलं, हे एकट्याचं काम नाही. तर लिहा. "सेन्सेइ कसे देवमाणूस" हे दुसऱ्या धाग्यावर. इथे फक्त काय, किती, कुठे आणि कशात फसायला होतं.

सुरुवात मी करतो. विमानतळावर कार्ड मिळतं, तिथेच अर्धवेळ कामाच्या परवानगीचा अर्ज पुढे करायचा. घरूनच छापून, भरून न्यावा. कार्डाच्या पाठीवर शिक्का पडतो. तिथे राहून गेलं तर पुढे इमिग्रेशन ऑफिसच्या फेऱ्या.

पत्ता पक्का झाला की १४ दिवसांत कुयाकुशो, म्हणजे पालिकेचं प्रभाग कार्यालय (शहराप्रमाणे शियाकुशो). एकाच फेरीत तीन खिडक्या: पत्ता, आरोग्य विमा, नेन्किन (सरकारी पेन्शन). विम्याच्या खिडकीवर "मागच्या वर्षी जपानात उत्पन्न शून्य" असं लिहून द्या. माणशी जो ठरावीक हप्ता असतो त्यात ७०% सूट मिळते. लिहून दिलं नाही तर शून्य उत्पन्न असूनही सूट नाही, कारण त्यांच्या लेखी तुमचं उत्पन्न "माहीत नाही". विमा असला की दवाखान्यात ३०% आपण भरायचे.

नेन्किन विसाव्या वर्षापासून सगळ्यांना, परदेशी विद्यार्थ्यालाही. महिन्याला १७,००० येनच्या वर. विद्यार्थ्यांना "गाकुसेइ नोफु तोकुरेइ" (शिकत असेपर्यंत हप्ता पुढे ढकलायची सवलत) मागता येतं, ओळखपत्राची प्रत लागते. एप्रिल ते मार्च चालतं आणि दर वर्षी नव्यानं मागावं लागतं. दुसऱ्या वर्षी विसरतात आणि मग निळी-पांढरी पाकिटं यायला लागतात.

हान्कोहरवला
नावाचं कोणी बोलत नाही म्हणून आधी तेच. आपल्या पासपोर्टवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी मालगाडी. कार्डावर ती जशीच्या तशी रोमन लिपीत येते, पण बँकेला काताकाना हवं. ते तुम्ही लिहाल तसं. "वि" हे "बि" लिहायचं की "व्हि", "ळ" तर नाहीच, तिथे "रु". एकदा ठरवा, कागदावर लिहून पाकिटात ठेवा आणि बँक, विमा, फोन, विद्यापीठ सगळीकडे तेच द्या. एका अक्षराचा फरक असला तरी शिष्यवृत्तीचे पैसे परत जातात. बँकेच्या फॉर्मवर चौकोन संपले तर कुठे तोडलं तेही लिहून ठेवा.

आणि कार्डाची मुदत वाढली की बँकेत नवीन कार्ड दाखवायचं. नाहीतर खातं गोठतं.

क्योतोकरीण
+१ काताकाना. वडिलांचं नाव मधे असल्यामुळे दवाखान्यात वडिलांच्या नावानं हाक मारतात, तयारी ठेवा 😄

सेन्दाईचीथंडी
गॅस मीटर. हे सगळ्यांनी वाचा, कारण रात्री दोनला शोधायची वेळ येते.

साधारण शिन्दो ५ चा धक्का बसला की मीटर आपोआप गॅस तोडतो. (शिन्दो म्हणजे तुमच्या जागी किती हललं ते, रिश्टर नव्हे. ० ते ७, पण ५ आणि ६ चे दोन-दोन भाग, म्हणून पायऱ्या दहा.) सकाळी गीझर लागत नाही, शेगडी पेटत नाही, आणि लोक कंपनीला फोन करून तासभर संगीत ऐकत बसतात. कोणी यायची गरज नसते.

आधी वास घ्या. गॅसचा वास असेल तर खिडक्या उघडा, दिव्याच्या बटणाला हात लावू नका, बाहेर जाऊन फोन करा, पुढचं काही करू नका. वास नसेल तर शेगडी, गीझर, गॅस हीटर सगळं बंद. मीटर बहुधा दाराबाहेरच्या लोखंडी कपाटात असतो, त्यावर लाल दिवा लुकलुकत असतो. रिसेटच्या बटणावर काळं टोपण असतं ते फिरवून काढा. बटण शेवटपर्यंत दाबा, दिवा लागला की सोडा, टोपण परत लावा. आता ३ मिनिटं थांबा. या वेळात मीटर गळती तपासत असतो. इथेच चुकतं: मिनिटभरात कोणीतरी गरम पाण्याचा नळ सोडतं, मीटरला वाटतं गळती आहे, आणि तो पुन्हा बंद. ३ मिनिटांनी दिवा विझला की झालं.

घर घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात मीटर कुठे आहे ते बघून ठेवा. जोडणी सुरू करायला माणूस येतो तेव्हा तुम्ही घरी असावं लागतं, त्यालाच विचारा.

घारगे
बाप रे, हे छापून फ्रिजवर लावण्यासारखं. कुकर लावलाय, नंतर सविस्तर लिहिते. तोवर एकच: आपला ॲल्युमिनियमचा कुकर आयएच शेगडीवर तापत नाही. तळाला "इंडक्शन" लिहिलेला स्टीलचा आणा. सोबत दोन रिंगा आणि एक सेफ्टी व्हॉल्व्ह जास्तीचे.

दोनडबे
मिक्सर आणू नका!! तिकडे १०० व्होल्ट, आपला २३० चा. लावला तर गरगर करत कसाबसा फिरतो, चटणी काही होत नाही. ७५० वॅटच्या मिक्सरला दुप्पट क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर लागतो, त्याचं वजन मिक्सरहून जास्त. तिकडचाच घ्या, पण बुडाखाली चालवायची वेळ लिहिलेली असते ती बघा. बऱ्याच मिक्सरना सलग एखाद-दोन मिनिटंच परवानगी. डोशाचं पीठ सलग वाटलं की मोटार जळते.

५० आणि ६० हर्ट्झचंही आहे. तोक्यो-सेन्दाई ५०, ओसाका-क्योतो ६०. चार्जरला फरक पडत नाही. पण शहर बदलणाऱ्याकडून जुना मायक्रोवेव्ह घेताना पाठीमागची पट्टी वाचा, दोन्ही आकडे हवेत.

क्योतोकरीण
आणि मायक्रोवेव्ह, किटली, हेअर ड्रायर एकदम नको. घराची जोडणी ३० अँपिअरची असेल तर एका वेळी ३,००० वॅटच. तिघांची बेरीज करा.

टाकळा
शाकाहारींसाठी. "निकु नाशी" सांगितलं तर मांस काढतात, हॅम ठेवतात, कारण त्यांच्या डोक्यात निकु म्हणजे मांसाचा तुकडा. आणि दाशी म्हणजे सुक्या माशाचा अर्क, तो मिसो सूपमध्ये, सोबा नूडल्सच्या पाण्यात, निमोनोत (शिजवलेल्या भाजीत), सगळीकडे. पाकिटावर हे शब्द ओळखायला शिका: बुता (डुक्कर), ग्यू (गाय-बैल), तोरी (कोंबडी), पोकु एकिसु (डुकराचा अर्क), रादो (चरबी), जेरातिन, कात्सुओ (मासा). बटाट्याच्या वेफर्सवरही चिकन पावडर असते. हे सात शब्द जपानी लिपीत फोनच्या वॉलपेपरवर ठेवा, दोन आठवड्यांत पाठ होतात.

सामान: ग्योमु सुपरमध्ये डबाबंद टोमॅटो, गोठवलेली भेंडी, छोले स्वस्त. मसाले-डाळी-कणीक तोक्योत शिन-ओकुबो आणि निशी-कासाइ. दूध घेताना "सेइबुन मुचोसेइ" (घटक न बदललेलं) लिहिलेलं घ्या, "काको न्यू"वर (प्रक्रिया केलेल्या दुधावर) दही नीट लागेल याची खात्री नाही. पनीरला "तेइओन साक्किन", म्हणजे कमी तापमानाला निर्जंतुक केलेलं. नेहमीचं दूध फार वर तापवलेलं असतं, चोथा भुसभुशीत येतो, वड्या पडत नाहीत.

घारगे
आले. @टाकळा, पनीरचं अगदी बरोबर.
गणपतीत जाणाऱ्यांसाठी: तांदळाची पिठी शोधत वणवण करू नका. कुठल्याही सुपरमार्केटात जोशिन्को मिळतं, तीच आपली पिठी. शेजारी शिरातामाको आणि मोचिको असतं, पाकिटं सारखीच दिसतात, ती चिकट तांदळाची. त्याची उकड काढलीत तर मोदक मोदकपात्रातच पसरतो. जोशिन्को वाटीला वाटी पाणी, मीठ, चमचाभर तूप. गरम असतानाच मळायची, कोरडी वाटली तर वरून दोन-तीन चमचे गरम पाणी. गुळाला कोकुतो, ओकिनावाची काळी साखर. जरा खारट-कडसर असते, वेलची थोडी जास्त घाला. मोदकपात्राऐवजी घडीची स्टीलची जाळी पातेल्यात ठेवली तरी चालते.

हान्कोहरवला
शिरातामाकोचे मोदक = दाइफुकु (चिकट तांदळाची, आत गोड सारण असलेली जपानी मिठाई). फेकू नका, जपानी नाव द्या आणि लॅबमध्ये वाटा.

घारगे
😂😂 तेच होतं शेवटी

त्सुकुबावाला
लॅबकडे वळू या. (केन्क्यूसेइ म्हणजे मास्टर्स-पीएचडीला प्रवेश मिळण्याआधीचा संशोधक विद्यार्थी.)

दाराशी चुंबकांचा फलक असतो: खोलीत, वर्गात, जेवायला, घरी गेला. जाताना आपलं चुंबक सरकवायचं. सगळ्यात शेवटी निघणारा तपासणीचा कागद भरतो: एसी, दिवे, खिडक्या, सिलिंडरचे व्हॉल्व्ह, कुलूप, सही. एक खूण राहिली तरी सकाळी मेल येतो.

होरेन्सो म्हणजे पालक, पण इथे होकोकु, रेन्राकु, सोदान. कळवा, संपर्कात राहा, विचारा. प्रयोग फसला तर झेमीच्या (लॅबच्या बैठकीच्या) दिवशी नव्हे, त्याच दिवशी सांगायचं. अपयशाला कोणी रागवत नाही, उशिरा कळलं तर मात्र चेहरे पडतात. आणि निघताना "ओसाकी नी शित्सुरेइ शिमास" (तुमच्या आधी निघतो, माफ करा), उत्तर "ओत्सुकारेसामा". न बोलता सटकणं अगदी वाईट दिसतं.

खरेदीला तीन कागद: मित्सुमोरी (दरपत्रक), नोहिन्शो (मालासोबतचं), सेइक्यूशो (बिल). माल आला की आधी विद्यापीठाच्या तपासणी खिडकीवर शिक्का, मग खोकं उघडायचं. उलट केलं तर पैसे अडकतात. आर्थिक वर्ष मार्चला संपतं, त्यामुळे खरेदी जानेवारीच्या आसपासच बंद होते. फेब्रुवारीत रसायन संपलं की एप्रिलपर्यंत बोंब.

परिषदेला गेलात तर बोर्डिंग पासचा तुकडा जपा. तिकिटाची पावती आहे, तुकडा नाही, असं असेल तर प्रवासखर्च अडतो.

सेंद्रिय टाकाऊ द्रव हॅलोजनवाले आणि बिनहॅलोजनवाले वेगळ्या डब्यात. एकदा मिसळले की सगळा डबा महागड्या वर्गात जातो.

पाऊसवेडी
पैशाचं लिहा ना कोणीतरी, पुतणी मेक्स्टला (जपान सरकारची शिष्यवृत्ती) अर्ज करत आहे. बाकी धागा भारी.

तांबडारस्सा
@पाऊसवेडी ताई, मेक्स्ट: महिन्याला केन्क्यूसेइला १,४३,००० येन, मास्टर्सला १,४४,०००, पीएचडीला १,४५,०००. काही शहरांत २-३ हजार वर. दर महिन्याला विद्यापीठात जाऊन सही करावी लागते, सही नाही तर त्या महिन्याचे पैसे नाहीत. सुट्टीची तिकिटं काढायच्या आधी सहीच्या तारखा बघायच्या, नंतर नाही.

स्वखर्चाने: राष्ट्रीय विद्यापीठांची प्रमाण फी वर्षाला ५,३५,८०० आणि प्रवेशशुल्क २,८२,०००. फीमाफी (मेन्जो) मिळू शकते, पण अर्ज मुदतीतच. केन्क्यूसेइला माफी बहुधा नाही, विद्यार्थी पास नाही, गाकुवारीही (रेल्वेची विद्यार्थी सवलत) नाही. म्हणून इन्शी (मास्टर्स-पीएचडीची प्रवेश परीक्षा) लवकर द्या, बऱ्याच ठिकाणी ती ऑगस्टमध्ये असते.

कामाचे तास आठवड्याला २८, सगळ्या नोकऱ्या मिळून. मोठ्या सुट्टीत दिवसाला ८. पाचिन्कोच्या जुगारखान्यात किंवा रात्रीच्या बारमध्ये भांडी घासणंही चालत नाही. जास्तीचे तास मुदतवाढीच्या वेळी करपत्रकातून उघडे पडतात. मुदतवाढीचा अर्ज ३ महिने आधीपासून घेतात, एप्रिल २०२५ पासून खिडकीवर ६,००० येन, ऑनलाइन ५,५००.

क्योतोकरीण
गाकुवारी समजावते, कोणाला माहीतच नसतं. जेआरनं (जपान रेल्वेनं) एका बाजूचं अंतर १०० किमीच्या वर असेल तर मूळ भाड्यात २०% सूट. शिन्कान्सेनचा वेगळा अधिभार असतो त्यावर नाही. दाखला विद्यापीठातल्या मशीनमधून निघतो, ओळखपत्र सरकवायचं.

सुट्टीत भारतात येताना विमानतळावर छोट्या कार्डावर "पुन्हा येणार" या चौकोनात खूण करा. १ वर्षाच्या आत परत यायचं. खूण राहिली तर व्हिसा गेला, परत पहिल्यापासून.

दोनडबे
कचरा राहिलाच की! क्योतोत जाळायचा कचरा पिवळ्या पिशवीत, सेन्दाईत हिरव्या, पिशव्या विकतच घ्यायच्या. पाण्याची बाटली: झाकण काढा, वेष्टन काढा, विसळा, दाबा. झाकण आणि वेष्टन प्लॅस्टिकमध्ये. सकाळी ८ च्या आत ठेवायचा, आदल्या रात्री नाही, कावळे फाडतात. म्हणूनच जाळी असते, ती पिशव्यांवर नीट ओढा.

मोठ्या सामानाला (सोदाइ गोमी) आधी फोन, मग दुकानातून स्टिकर विकत घेऊन त्यावर क्रमांक लिहायचा. मार्चमध्ये सगळेच घर सोडतात, तारखा मिळत नाहीत, महिनाभर आधी धरा. फ्रिज, वॉशिंग मशीन, टीव्ही, एसी यात चालतच नाहीत, त्यांचा पुनर्वापराचा कायदा वेगळा आणि टाकायला पैसे मोजायचे. म्हणून ते नव्या एम-१ च्या गळ्यात. फुकट मिळतंय म्हणून घेणाऱ्यानं हे लक्षात ठेवावं, पुढे टाकायचा खर्च त्याचा.

सेन्दाईचीथंडी
सायकलही तशीच गळ्यात पडते. बोहान तोरोकुचा (चोरीविरोधी नोंदणीचा) नंबर जुन्या मालकाच्या नावावर असतो, पोलीस थांबवून नंबर तपासतात. देणाऱ्याकडून सहीचं हस्तांतरपत्र घ्या आणि सायकलच्या दुकानात नाव बदला. एप्रिल २०२६ पासून सायकलस्वारांनाही दंडाची निळी पावती: चालवताना फोन हातात १२,००० येन, छत्री धरून ५,०००. रेनकोट घ्या.

पाऊसवेडी
१२,०००!! पुण्यात लावा हे कोणीतरी

टाकळा
पुण्यात पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामाच्या कोराकुएनवरून केलं, तेवढं जपान आपल्याला पुरे 😀

त्सुकुबावाला
औषधं राहिली. डॉक्टरच्या चिठ्ठीची औषधं १ महिन्याची नेता येतात, त्याहून जास्त असतील तर आधी ऑनलाइन परवानगी. सर्दीच्या गोळीत स्यूडोएफेड्रिन १०% च्या वर असेल तर ती अजिबात नको, तिकडे तो गुन्हा आहे. पाकीट उलटं करून वाचा. कढीपत्ता, आंबे, ओली हळद नेऊ नका, वनस्पती-तपासणीत अडतात.

घारगे
वाळवलेला कढीपत्ता पण?

त्सुकुबावाला
नुसता वाळवलेला म्हणजे त्यांच्या लेखी पानच. दळून मसाल्यात गेलेला असेल तर प्रश्न येत नाही. कढीपत्त्याची चटणी करून न्या, डबा सीलबंद.

घारगे
चला, चटणीचं प्रमाण संध्याकाळी टाकते. खोबरं कोरडं घ्यायचं, ओलं नाही, एवढं आत्ताच सांगून ठेवते.