न्यूकमांडला आता रजा द्यावी का?

उलटी रेघ (धागाकर्ता)

आमच्या विभागातल्या प्रबंधांचा लाटेक (टेक या अक्षरजुळणी प्रणालीवर उभी व्यवस्था) साचा सध्या माझ्या गळ्यात आहे. तो पिढ्यान्‌पिढ्या हातोहात आलाय, त्यामुळे मॅक्रो (स्वतः नाव देऊन बनवलेल्या आज्ञा) लिहिण्याच्या जितक्या रीती आहेत तितक्या सगळ्या त्यात नांदतात: मूळ टेकचा डेफ, लाटेकच्या न्यूकमांड, रिन्यूकमांड, प्रोव्हाइडकमांड, आणि मधूनच एखादी डिक्लेअररोबस्टकमांड (शीर्षकासारख्या ठिकाणीही न फुटणारी आज्ञा करणारी). एका फाइलमध्ये पाच बोली.

माझं मत: ऑक्टोबर २०२० पासून न्यूडॉक्युमेंटकमांड ही मॅक्रो बनवायची नवी आज्ञा लाटेकच्या गाभ्यातच आहे, वेगळं पॅकेज (जोड-फाइल) लागत नाही. मग नवं सगळं तिच्यातच लिहावं, जुनं सवडीने तिच्यात आणावं, आणि नवीन मुलांना न्यूकमांड शिकवूच नये. न्यूकमांडमध्ये ऐच्छिक आर्ग्युमेंट (आज्ञेला चौकटी कंसात दिलेला मजकूर) एकच, तेही पहिलंच. चौकटी कंसात दुसरा चौकटी कंस आला की आतला पहिला बंद कंस दिसताच ती थांबते आणि पुढचं सगळं विस्कटतं. नवी आज्ञा कंसांच्या जोड्या नीट मोजते. तारांकित रूप (आज्ञेच्या नावापुढे तारा लावून मिळणारं) हवं असेल तर एक ‘एस’ लिहिला की झालं. शिवाय अशी आज्ञा प्रकरणाच्या शीर्षकात वापरली तरी अनुक्रमणिकेत जाताना फुटत नाही.

दोन्ही बाजूंनी ऐकायला आवडेल.

जुना जुळारी

साफ असहमत. लाटेक टू-ई ही आजची आवृत्ती १९९४ साली आली, आणि त्या काळातल्या कितीतरी फाइली आजही विनातक्रार चालतात. हे आपोआप झालेलं नाही. गाभा सांभाळणाऱ्यांनी वर्षानुवर्षं दुरुस्त्यासुद्धा वेगळ्या पॅकेजात ठेवल्या, जुन्या कागदांचं पान हलू नये म्हणून. २०१५ मध्ये त्या गाभ्यात घेतल्या, तेव्हाही मागच्या तारखेला परत जायची सोय ठेवूनच. अशा ठिकाणी ‘रजा द्या’ म्हणणं सोपं आहे.

तुमचा खरा शत्रू डेफ आहे. गणितवाल्यांची आवडती खोड घ्या: इंटिग्रलच्या शेवटचा सरळ ‘डी’ हवा म्हणून बॅकस्लॅश-डी ही आज्ञा डेफने नव्याने लिहायची. पण बॅकस्लॅश-डी लाटेकमध्ये आधीपासून आहे, अक्षराखाली टिंब देते. संस्कृत-मराठी नावं रोमन लिपीत लिहिताना ट, ड, ण, ळ साठी तेच टिंब लागतं. डेफ हूं की चूं करत नाही. प्रबंध सुरळीत चालतो आणि शेवटी संदर्भसूचीत ‘पाणिनि’ आला की ‘हे फक्त गणितात चालतं’ अशी त्रुटी येते. मुलगा बिचारा संदर्भसूचीत चूक शोधत बसतो, चूक असते पहिल्या पानावर. न्यूकमांडने पहिल्याच ओळीला अडवलं असतं: नाव घेतलेलं आहे.

हे काम ती गेली तीस वर्षं चोख करते आहे. तिला का काढायचं?

कंपाइल होईना

अडवते आणि मग काय होतं? त्रुटी दिसली की आम्ही ‘न्यू’च्या आधी ‘री’ लावतो, म्हणजे असलेलं नाव बदलू देणारी रिन्यूकमांड, आणि पुढे जातो. :) होस्टेलवर सगळे हेच करतात. मग डेफ काय वाईट? लिहायला छोटा, आणि आर्ग्युमेंट मला हवी तशी मागता येतात. मी बिंदूसाठी गोल कंसात स्वल्पविरामाने दोन अंक देतो, न्यूकमांडला ते जमतच नाही.

जुना जुळारी

‘री’ लावणं म्हणजे निदान सही करून नियम मोडणं. फाइलमध्ये रिन्यूकमांड शोधली की कुठे काय बदललं ते एका झटक्यात सापडतं. डेफ शोधलात तर नवं कोणतं आणि चिरडलेलं कोणतं हे कळायला प्रत्येक ओळ वाचावी लागेल.

उलटी रेघ

@कंपाइल होईना, गोल कंस नव्या आज्ञेतही मागता येतात, ‘आर’ प्रकाराने. स्वल्पविरामावर तोडायचीही सोय आहे. जरा लांब लिहावं लागतं हे कबूल.

@जुना जुळारी, नव्या आज्ञेतही नाव घेतलेलं असेल तर त्रुटीच येते. तुम्ही न्यूकमांडची म्हणून सांगताय ती राखण दोघींकडे आहे.

तळटीप

मी नियतकालिकाच्या निर्मितीत आहे, लेखकांच्या फाइली रोज उघडते. तुम्ही दोघं कुठल्या आज्ञेने लिहायचं यावर भांडताय. मला विचाराल तर निम्मे मॅक्रो लिहायलाच नको होते.

भौतिकशास्त्रवाले ‘बिगिन इक्वेशन’ लिहायचा कंटाळा म्हणून ‘बीई’ आणि ‘ईई’ करतात. ते चालतं तरी. त्याच सवयीने ‘अलाइन’चा लघुरूप करायला गेले की अडकतात, कारण एएमएस-मॅथ हे गणिताचं पॅकेज शेवटची ‘एंड अलाइन’ अक्षरशः तशीच शोधत पुढे वाचत जातं आणि ती लघुरूपाच्या पोटात दडलेली असते. व्याख्या डेफने केली, न्यूकमांडने केली की तुमच्या नव्या आज्ञेने, फरक शून्य. टंकनाचे चार ठोके वाचवायचे असतील तर एडिटरला सांगा, तो पूर्ण करून देईल. मॅक्रो अर्थासाठी करा: सदिशासाठी एक, संचासाठी एक. उद्या संपादक म्हणाले सदिश ठळक नको, बाण हवा, तर एक ओळ बदलायची.

आणि सगळ्यांत घातकी कोण म्हणाल तर प्रोव्हाइडकमांड. डेफ उघड दांडगाई करतो. ही नाव आधीच असेल तर गुपचूप काहीच करत नाही. दोन पॅकेजांनी एकच नाव वेगवेगळ्या अर्थाने ‘पुरवलं’ की जे आधी लोड झालं त्याचा अर्थ चालतो. ओळींचा क्रम बदलला की छापील चिन्ह बदलतं, लॉगमध्ये अवाक्षर नाही. लेखकाच्या फाइलीत मला ती दिसली की मी आधी तीच उपटते.

उलटी रेघ

अर्थासाठी मॅक्रो, याला दहा वेळा सहमत. पण साचा सांभाळणाऱ्याचं दुखणं वेगळं आहे. त्याला दुसऱ्याच्या आज्ञा बदलाव्या लागतात. पारंपरिक युक्ती म्हणजे ‘लेट’ने जुनी आज्ञा नव्या नावाने जपायची आणि मग मूळ नावाच्या नव्या व्याख्येत ती वापरायची. आता डिक्लेअररोबस्टकमांडने केलेली आज्ञा दोन तुकड्यांत असते: बाहेर कवच, आणि आत त्याच नावापुढे एक मोकळी जागा जोडलेली खरी आज्ञा. लेट फक्त कवचाची नक्कल करतो. तुम्ही पुन्हा डिक्लेअररोबस्टकमांडनेच नवी व्याख्या केलीत की आतली आज्ञाही बदलते, जपलेलं कवच तिलाच हाक मारतं, ती कवचाला, आणि टेकची क्षमता संपेपर्यंत गरगर. म्हणून दोन्ही तुकड्यांची नक्कल करणारी न्यूकमांडकॉपी आली. मी रीती एकसारख्या करा म्हणतो ते यासाठी, शोभेसाठी नाही.

जुना जुळारी

हा मुद्दा तगडा आहे. पण तो पॅकेज लिहिणाऱ्यांचा. साध्या लेखकाने ‘अमुक म्हणजे तमुक’ इतकंच सांगायचं असेल तर एका ओळीची न्यूकमांड पुरते, आणि वाचणाऱ्यालाही कळते.

शिवाय एक व्यवहाराची गोष्ट. सगळ्या नियतकालिकांचे सर्व्हर ताजे नसतात. तिकडे २०२० च्या आधीचं टेक लाइव्ह (टेकचा तयार संच) असेल तर तुमची नवी आज्ञा ‘अपरिचित’ ठरते, ती आधी ज्यात होती ते एक्सपार्स पॅकेज मुद्दाम घातलं नसेल तर. न्यूकमांड तिथेही चालते. सादर करायच्या शेवटच्या रात्री मी कुणाच्या बाजूने असेन सांगा?

तळटीप

सर्व्हरबद्दल खरं आहे. मात्र वारा कुठे वाहतोय तेही बघा. लाटेकवाले २०२० पासून पीडीएफला खुणा जोडायच्या प्रकल्पात आहेत, म्हणजे वाचक-यंत्राला शीर्षक कुठलं, समीकरण कुठलं हे कळावं. ज्या साच्यांनी शीर्षकाची आतली यंत्रणा डेफने उचकटून आपली बसवली आहे, तिथे या खुणा लागायला त्रास होणार. उलटी रेघ, तुमच्या साच्यात असं किती आहे?

उलटी रेघ

शीर्षकं, तळटिपा, आकृत्यांच्या ओळी, तिन्ही. आधी शीर्षकं घेतो. लेखकांनी लिहायच्या मॅक्रोंना हात लावत नाही, तिथे न्यूकमांड राहू दे. साच्याच्या आतलं मात्र बदलणारच.

कंपाइल होईना

आणि माझा डेफ?

जुना जुळारी

बॅकस्लॅश-डी सोडून कुठलंही नाव घे बाबा. आणि ‘एंड’ने सुरू होणारं घेऊ नकोस: लाटेकमध्ये प्रत्येक एन्व्हायर्नमेंटचा (‘बिगिन’ ते ‘एंड’मधला भाग) शेवट ‘एंड’ला तिचं नाव जोडून होणाऱ्या आज्ञेने होतो, म्हणून न्यूकमांड ती नावं मुळातच नाकारते. डेफ घेईल, आणि मग तू इथे नवा धागा काढशील.