मदत हवी आहे: अंबर एलची चव तपासताना घोळ होतोय

मंडळी, बिअर नीट चाखून नोंदी ठेवायचा नाद लागलाय. मी लातूरचा, सध्या संभाजीनगरात. मेव्हण्याने अमेरिकेहून अमेरिकन अंबर एलचे (हा तांबूस बिअरचा एक प्रकार) दोन कॅन आणले. बॅगेतून आले आणि इथं आठ दिवस कपाटात राहिले, तेही मे महिन्यात. फ्रीजमध्ये जागा नव्हती, कैऱ्या होत्या.

बीजेसीपीच्या (बिअरच्या परीक्षकांना प्रमाणपत्र देणारी संस्था) २०२१ च्या निकषांत या प्रकाराला कडवटपणा २५ ते ४० आयबीयू (कडवटपणा मोजायचं एकक), अल्कोहोल ४.५ ते ६.२ टक्के दिलंय. रंग जमला, उजेडात धरला की तांबूस. फेस बरा. पण वास? पहिलाच भपका काकवीचा, अगदी गुऱ्हाळावरच्या कढईसारखा. संत्र्याच्या सालीचा, चिडाच्या झाडाचा म्हणतात तो हॉप्सचा (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) वास जवळजवळ नाहीच. ग्लास थोडा कोमट झाल्यावर शेवटी ओल्या पुठ्ठ्यासारखं काहीतरी जिभेवर राहिलं. बायको म्हणाली, "याला गुण काय द्यायचे, फेकून द्या." (फेकली नाही.)

आता प्रश्न. कॅरॅमल माल्टचा (मोड आणून भाजलेल्या जवाचा) गोडवा आणि उष्णतेनं, ऑक्सिडेशननं (ऑक्सिजन लागून बिअर खराब होणं) आलेला टॉफीसारखा गोडवा, हे दोन वेगळे कसे ओळखायचे? पुठ्ठा म्हणजे ऑक्सिडेशन हे माहीत आहे, पण काकवी कोणाच्या खात्यात टाकू? लोण्याचा वास नव्हता, त्यामुळे तो वास देणारं डायअ‍ॅसिटिल बाजूला ठेवलंय.

दुसरा कॅन आता फ्रीजमध्ये आहे. तो उघडताना काय बघू?