कार्तिकात पितरांसाठी दिवा: फ्लॅटमध्ये नेमकं काय आणि कसं करायचं?

पाचवा_मजला (कोथरूड)

पितृपक्षातलं पान वडील वाढतात, त्यात प्रश्न नाही. पण दिवाळी ते त्रिपुरी पौर्णिमा या दिवसांत, थंडीची चाहूल लागताना, गेलेल्यांची आठवण म्हणून घरच्या घरी काय करता येतं? यमदीपदान ऐकून माहीत आहे, आकाशदिवाही मुळात पितरांसाठीच असं वाचलं. नेटवर एक साईट धनत्रयोदशीला कार्तिक वद्य म्हणते, दुसरी अश्विन वद्य. वडील हयात आहेत, म्हणून तर्पण मी करू नये असं एक नातेवाईक म्हणतात. आणि फ्लॅटमध्ये तेलाचा दिवा सुरक्षितपणे कसा टांगायचा? गुरुजी बोलावून मोठा विधी नको आहे, पण जे करू ते नीट करायचं आहे.

---

पंचांगपान

आधी महिन्याचा घोळ. उत्तरेकडे महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. त्यामुळे हिंदी साईटवरची ‘कार्तिक कृष्ण त्रयोदशी’ म्हणजे आपली अश्विन वद्य त्रयोदशी, अर्थात धनत्रयोदशी. आपली कार्तिक वद्य त्रयोदशी त्यानंतर महिन्याने येते. त्या दिवशी आळंदीला ज्ञानेश्वर माउलींचा संजीवन समाधी सोहळा असतो (शके १२१८, इ. स. १२९६). शुद्ध पक्षाची गडबड होत नाही, वद्य पक्षाची हमखास होते. मराठी पंचांग समोर ठेवा आणि साईट मिटा.

आता क्रम. दीपदान कोजागरीपासून त्रिपुरीपर्यंत चालतं. देवळांतली काकड आरतीही याच महिन्यात. (काही जण अश्विन शुद्ध एकादशीपासून किंवा तूळ संक्रांतीपासून धरतात, तेही चालतं.) त्यात पितरांशी थेट जोडलेले दिवस तीनच: त्रयोदशीचं यमदीपदान, चतुर्दशीचं यमतर्पण आणि चतुर्दशी-अमावास्येचं उल्कादान. उल्कादानाचा श्लोक हेतू स्पष्ट सांगतो:

तुलासंस्थे सहस्रांशौ प्रदोषे भूतदर्शयोः ।
उल्काहस्ता नराः कुर्युः पितॄणां मार्गदर्शनम् ॥

सूर्य तुळेत असताना चतुर्दशीच्या आणि अमावास्येच्या प्रदोषात हातात चूड (पेटती मशाल) घेऊन पितरांना वाट दाखवायची. महालयात, म्हणजे पितृपक्षात, आलेले पितर आता परत निघतात, त्यांच्यासाठी हा उजेड. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपण हे साफ विसरतो, कारण तेव्हा सगळं घर फराळ आणि फटाके यांत असतं.

प्रदोष म्हणजे सूर्यास्तापासून सहा घटिका, म्हणजे २ तास २४ मिनिटं. पुण्यात त्या सुमारास सूर्य साधारण सहाला मावळतो, तेव्हा सहा ते सव्वाआठ-साडेआठ. आरामात जमतं.

तर्पणाबद्दल: तुमचे नातेवाईक अर्धे बरोबर. वडील हयात असताना नेहमीचं पितृतर्पण करायचं नसतं. पण यमतर्पण आणि भीष्मतर्पण याला अपवाद, ‘जीवत्पितापि कुर्वीत तर्पणं यमभीष्मयोः’ असं वचनच आहे. नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान झालं की दक्षिणेकडे तोंड करून ताम्हनात पाणी सोडायचं. यमाची नावं चौदा: यम, धर्मराज, मृत्यू, अंतक, वैवस्वत, काल, सर्वभूतक्षय, औदुंबर, दध्न, नील, परमेष्ठी, वृकोदर, चित्र, चित्रगुप्त. ‘यमं तर्पयामि, धर्मराजं तर्पयामि’ असं म्हणत प्रत्येकाला तीन ओंजळी. ज्यांचे वडील गेले आहेत ते काळे तीळ घेतात. तुम्ही जव किंवा अक्षता घ्या, जानवं असेल तर सव्यच (नेहमीसारखं डाव्या खांद्यावर) ठेवा आणि पाणी बोटांच्या टोकांवरून सोडा, अंगठा-तर्जनीच्या मधून नाही. यम देवही आहे आणि पितरांतलाही, म्हणून ही दोन्ही रूपं चालतात. घाई केली नाही तरी दहा मिनिटांचं काम आहे.

---

बुरूड_आळी

दिव्याचं मी सांगतो, कारण चुका तिथेच होतात.

यमदीप कणकेचा. अर्धी वाटी कणीक, चिमूटभर हळद, चमचाभर तेल, पाणी अगदी बेताने. पोळीच्या कणकेसारखी सैल मळलीत तर वाटीचा काठ तासाभरात बसतो आणि तेल जमिनीवर येतं. पुरीपेक्षाही घट्ट हवी. तळ बोटभर जाड ठेवा. वात ठेवायच्या जागी काठाला चोच काढा. आयत्या वेळी केलेल्या दिव्याला भेगा पडतात. मळून अर्धा तास झाकून ठेवा, मग घडवा. तेल तिळाचं, दोन चमचे पुरे. ‘दिव्याचं तेल’ म्हणून बाटल्या मिळतात त्या नकोत, काजळी फार धरतात.

दिवा उंबऱ्याबाहेर, वातीचं तोंड दक्षिणेला. दिशा मोबाईलवर बघणार असाल तर लोखंडी सेफ्टी दरवाज्यापासून आणि लिफ्टपासून चार पावलं लांब उभे राहा, जवळ सुई भरकटते. म्हणायचं ते एवढंच:

मृत्युना पाशदण्डाभ्यां कालेन श्यामया सह ।
त्रयोदश्यां दीपदानात् सूर्यजः प्रीयतां मम ॥

आकाशदिवा. गच्चीवर किंवा उंच बांबूवरच लावायला हवा हा गैरसमज. ग्रंथात घराजवळ पुरुषभर उंचीचा खांब सांगितलाय, वर आठ पाकळ्यांचा दिवा, मध्ये मुख्य वात. बाल्कनीत छातीच्या उंचीला टांगलात तरी हेतू साधतो. मात्र कागदी कंदिलात तेलाचा दिवा कधीच नाही. कागदी कंदिलात एलईडी, तेलासाठी काचेचा किंवा जाळीचा पितळी कंदील. विकत घेताना खाली हवा शिरायला भोकं आणि वर धूर जायला तोंड आहे ना ते बघा. वरचं तोंड बंद असेल तर ज्योत लाल होते, काच काळी पडते आणि दिवा पाच मिनिटांत विझतो. लोक वाऱ्याला दोष देतात. वात लांब, हातावर वळलेली, टोक गव्हाएवढंच बाहेर. जास्त बाहेर काढली की धूर. दोन तासांना पंधरा मिलिलिटर तेल भरपूर होतं. कपड्यांची दोरी त्या महिन्यापुरती काढा.

मातीच्या नव्या पणत्या वापरणार असाल तर आधी तीन-चार तास पाण्यात बुडवून सुकवा, नाहीतर निम्मं तेल पणतीच पिते.

---

सही_रे_सही

उल्कादान फ्लॅटमध्ये कसं? चूड पेटवली तर सोसायटी चेअरमन पितरांच्या आधी हजर होतील.

---

पंचांगपान

@सही_रे_सही हातात पणती घेऊन बाल्कनीतून दक्षिणेकडे दाखवा, बस. हेतू उजेडाचा आहे, आगीचा नाही.

---

वंशवही

‘जे करू ते नीट’ म्हणालात म्हणून एक भर. या महिन्यात एक संध्याकाळ वहीसाठी काढा. श्राद्धात तीन पिढ्यांची नावं लागतात: वडील, आजोबा, पणजोबा, आई, आजी, पणजी, आणि आईच्या माहेरचे तिघे. बहुतेक घरांत पणजीचं नाव कुणालाच सांगता येत नाही, आणि तिचं माहेरचं नाव तर सोडाच. वडील आहेत तोवर विचारून घ्या. नाव, गोत्र, गाव आणि मृत्यूची तिथी, असे चार रकाने करा.

तिथी काढताना दाखल्यावरची तारीख डोळे मिटून घेऊ नका. इंग्रजी तारीख रात्री बाराला बदलते, तिथीला बाराशी देणंघेणं नाही. पहाटे तीनला माणूस गेला तर वेळ धरूनच त्या वर्षीच्या पंचांगात बघा; मृत्यूच्या क्षणी असलेली तिथी धरतात. वर्षश्राद्धाला मात्र ती तिथी अपराह्णात हवी. दिवसाचे पाच भाग केले की चौथा भाग अपराह्ण. कार्तिकात पुण्यात तो साधारण दीड ते पावणेचार. सकाळी नऊला उरकून ऑफिस गाठायची सोय यात नाही.

आणखी एक. कार्तिकातले शेवटचे आठ आणि मार्गशीर्षातले पहिले आठ दिवस म्हणजे वैद्यांची यमदंष्ट्रा. शरद सरून हेमंत लागतो, तेव्हा ‘स्वल्पभुक्तो हि जीवति’, कमी जेवा. वही आणि हलकं जेवण यांना तेच दिवस घ्या. आळंदीचा सोहळाही त्यातच पडतो.

---

पाचवा_मजला

महिन्याचा घोळ सुटला, आभार. दोन शंका. यमदीप बाईने लावला तर? आणि विझल्यावर त्या कणकेच्या दिव्याचं काय करायचं? नदीत सोडायचा नाही हे नक्की.

---

बुरूड_आळी

घरातलं कोणीही लावावं, बहुतेक घरांत बायकाच लावतात. रात्री आत आणू नका, पण तेवता असेतो दाराशी लक्ष ठेवा. जिन्यात पायपुसणं असेल तर आधी उचला. सकाळपर्यंत ठेवलात तर उंदीर आणि मुंग्या येतात. विझून गार झाला की जळकी वात काढून दिवा ओल्या कचऱ्यात टाका. कुंडीत पुरू नका, तेलाने माती गच्च होते आणि पाणी मुरत नाही.