टूरिंगला ड्रॉप हँडल खरंच लागते काय?

रामटेकवाला: डिसेंबरात चिखलदऱ्याला जायचं आहे, मागे दोन पॅनिअर, म्हणजे कॅरिअरच्या बाजूला लटकवायच्या पिशव्या. सायकल हायब्रिड, सरळ हँडलची, कोंढाळी येईस्तोवर करंगळी अन् तिच्या बाजूचं बोट बधिर. सगळे म्हणतात ड्रॉप घे, म्हणजे टोकं खाली वळलेलं हँडल. मला नाही पटत. बटरफ्लाय लावा, फुलपाखरासारखं वळलेलं हँडल, हात ठेवायला चार जागा मिळतात अन् पाठही जास्त वाकत नाही.

वर्धा_रोड: भाऊ, बुटीबोरीच्या पुढे समोरून वारा लागला का कळते, ताठ बसून फक्त हवा ढकलत बसा. ड्रॉपवर मी बहुतेक वेळ हुडवरच, म्हणजे ब्रेक लिव्हरच्या वरच्या रबरी भागावरच असतो, तिथे हात मिळवताना राहते तसं मनगट राहते. सरळ हँडलवर तळवा खाली वळवून तासन् तास वजन टाकलं तर बोटं बधिर होणारच ना.

गोरेवाडा_ताई: मनगटाचं मान्य, पण खर्च सांगा ना दादा! ड्रॉपची नळी २३.८ मिमी, सरळ हँडलची २२.२, म्हणजे जुने गिअरचे शिफ्टर, ब्रेक लिव्हर काहीच चढत नाही, अन् व्ही-ब्रेक (रिमवर दोन्ही बाजूंनी दाबणारे लांब हातांचे) असले तर ड्रॉपचे साधे लिव्हर त्यांना लागते तेवढी केबल ओढत नाहीत. बटरफ्लायवर जुनं सगळं बसते. फक्त स्टेम, म्हणजे हँडल मधोमध धरणारा तुकडा, पाहून घ्या, बटरफ्लाय तिथे बरेचदा २५.४ मिमीचं येते, स्टेम ३१.८ चा असला तर तोही बदला.

काळी_सायकल: हँडलच्या मागे काहून लागले सगळे? आधी सीट पाहा. सीटचं नाक खाली झुकलं असलं का अंग पुढे घसरते अन् सगळं वजन तळहातावर येते. करंगळीची नस मनगटाजवळून, तळव्याच्या त्याच कडेने जाते, ती दाबली जाते. बाबांच्या काळ्या सायकलचं हँडल मागे वळलेलं होतं, वजन सीटवर, हातावर काहीच नाही, कॅरिअरवर धान्याचं पोतं टाकून ते दिवसभर फिरत.

रामटेकवाला: सीट लेव्हल लावून पाहिली काका, सरळ आहे.

काळी_सायकल: मग हँडल दोन बोटं वर घे, अन् बार-एंड लाव, हँडलच्या टोकाला बसतात ती छोटी शिंगं. स्वस्तात काम होते.

वर्धा_रोड: अन् घाटात उतरताना? बार-एंडवर हात असला तर ब्रेक कुठे? बटरफ्लायचंही तेच, चार जागांपैकी ब्रेक एकाच जागी. ड्रॉपला हुडवरूनही ब्रेक लागते, खालूनही. भरलेले पॅनिअर घेऊन परतवाड्याकडे उतरायचं आहे, हे विसरू नको.

रामटेकवाला: उताराला हात ब्रेकवरच ठेवीन ना. बोटं तर सपाट रस्त्यावर बधिर होतात माझी, पाच-पाच तास, तिथे जागा बदलता आली पाहिजे. बटरफ्लायच लावतो.