बर्लीस नरसाळ्यात माती पडते, किडे पडत नाहीत. काय चुकतंय?

पालापाचोळा:
आंब्याखालचा कुजका पाला आणि वरची चार-पाच सेंमी माती बर्लीस नरसाळ्यात लावली आहे (वरून दिवा लावून मातीतले बारीक जीव खालच्या बाटलीत उतरवायचं साधन). दोन लिटरच्या बाटलीचं उलटं तोंड, आत २ मिमी जाळी, वर ९ वॅटचा एलईडी, खाली अल्कोहोल. दोन दिवसांनी खाली गाळ, मुंग्या आणि थोडे माइट (कोळ्यांचे बारीक नातलग). स्प्रिंगटेल (मातीतले उड्या मारणारे बारीक जीव) तुरळक, प्रोट्युरा (मातीतलेच आणखी बारीक सहा पायांचे जीव) शून्य. एक पांढरा, बिनडोळ्यांचा, मागे दोन लांब शेपट्या असलेला किडा सापडला. हे कसरीचं पिल्लू असेल का?

बुरशीप्रेमी:
एलईडी काढा. तो उजेड देतो, ऊब नाही. हे जीव खाली सरकतात ते मुख्यतः वरून माती सुकत येते म्हणून. प्रोट्युरांना तर डोळेच नसतात. तारेचा जुना पिवळा २५ वॅटचा बल्ब मातीपासून वीतभर उंच लावा. पहिला दिवस बल्बाशिवाय जाऊ द्या, मग लावून रोज थोडा खाली आणा. घाईने ६० वॅटचा लावलात तर मऊ कातडीचे किडे वाटेतच वाळून मरतात, आणि बाटलीत फक्त चिवट माइट दिसतात. माती हाताला पूर्ण कोरडी लागेपर्यंत चालू ठेवा, साधारण पाच ते सात दिवस. दोन दिवसांत काही होत नाही.

थर ३-४ सेंमीपेक्षा जाड नको. मातीचा गठ्ठा न फोडता उलटा ठेवा, म्हणजे जमिनीकडची बाजू वर आणि पृष्ठभाग खाली. वरच्या थरातली छिद्रं मोठी असतात, किड्यांना त्यांतूनच बाहेर पडता येतं. गाळाचं म्हणाल तर नमुना भरल्यावर आधी खाली कागद ठेवून नरसाळं हलकेच थोपटा, सुटी माती पडली की मगच अल्कोहोलची बाटली लावा. नमुना आणि नरसाळ्याची भिंत यांत बोटभर जागा सोडा. पावसाळ्यात भिंतीवर दव धरतं, बारीक किडे त्यात चिकटून बसतात. मुंग्या बाहेरूनही येत असतील, स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा.

षट्पाद:
कसर नाही. कसरीला तीन शेपट्या, अंगावर खवले आणि लहान का होईना पण डोळे असतात. तुमचा डिप्ल्युरा (मातीतला दोन शेपट्यांचा, सहा पायांचा जीव) दिसतोय, बहुधा कॅम्पोडियाच्या कुळातला. शेपट्यांऐवजी चिमटा असता तर जॅपिक्सच्या कुळातला म्हटलं असतं. तरी पाय मोजा: तीन जोड्या तर डिप्ल्युरा, जास्त असतील तर सिम्फिला (गोमेसारखा बारीक बहुपाद). तोही पांढरा, आंधळा आणि मागे दोन टोकं असलेला, पण वाढलेल्याला पायांच्या बारा जोड्या असतात. ही गल्लत फार होते.

प्रोट्युरा जेमतेम १-२ मिमी, फिकट पिवळसर. मिशा नाहीत, त्या जागी पुढचे पाय उंच धरून चाचपत चालतो. गाळ काळ्या तळाच्या बशीत थोडा थोडा ओतून सूक्ष्मदर्शकाखाली ४० पटीवर बघा, पांढऱ्या बशीत नजरेतून सुटतो.

स्प्रिंगटेल कमी दिसण्याचं एक कारण साधं आहे. त्यांची कातडी पटकन ओली होत नाही, म्हणून ते वर तरंगतात आणि आपण वरचं द्रव ओतून टाकतो. ओतण्यापूर्वी पृष्ठभाग तपासा. आणि खोल मातीतल्या काही जातींना उडीचा काटाच नसतो, तेव्हा उडी मारत नाही म्हणून बाद करू नका. पोटाच्या पहिल्या खंडाखाली आखूड नळी दिसली तर तो स्प्रिंगटेलच.

रानवाटा:
इतका खटाटोप कशाला? माती पाण्यात ढवळा, स्प्रिंगटेल वर येतात.

षट्पाद:
येतात, पण पाल्याचा चुराही वर येतो, आणि प्रोट्युरा-डिप्ल्युरा सगळे येतीलच असं नाही. नुसते स्प्रिंगटेल मोजायचे असतील तर ठीक.

पालापाचोळा:
पाय तीनच जोड्या. अल्कोहोल कुठलं वापरू?

बुरशीप्रेमी:
ओळख आणि साठवण करण्यापुरतं मेडिकलमधलं ७० टक्के आयसोप्रोपिल चालेल. डीएनए काढायचा असेल तर ९५ टक्के इथेनॉल हवं. बाटलीतली चिठ्ठी पेन्सिलीने लिहा, बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते.