पावसाळ्यासाठी युनिकॉर्नला टायर कुठले? रोज परशुराम घाट

लोटे_फर्स्टशिफ्ट
नमस्कार मंडळी. चिपळूणहून लोटे एमआयडीसीला रोजचं येणं-जाणं आहे, गाडी युनिकॉर्न १६०, २०२० चं मॉडेल, ब्रेक पुढे डिस्क मागे ड्रम, एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी सोय) फक्त पुढच्या चाकाला. मागचा टायर आता घासून गोटा झालाय, तो तर बदलायचाच आहे. पुढच्याला मात्र खाचा अजून बऱ्यापैकी दिसतात म्हणून तो ठेवावा असा विचार. पण परवा घाट उतरताना पुढच्या टँकरने ब्रेक मारला, मीपण मारला, तर गाडी मागून अशी काही सरकली की काय सांगू, पडलो नाही एवढंच. पाऊस तेव्हा फक्त भुरभुर होता, धो धो असता तर काय झालं असतं.

आता प्रश्न असे. दुकानदार म्हणतो बटन टायर टाका, खोल खाचा असतात, पावसात चिखलात बघायला नको. कंपनीतला एकजण म्हणतो मागे १२० चा रुंद टायर टाक, रुंद म्हणजे पकड जास्त. तिसरा म्हणतो काही बदलू नको, पावसाळाभर हवा कमी ठेव. मी तिघांचं ऐकून जास्तच गोंधळलोय. बजेट दोन्ही टायरचं मिळून पाच हजाराच्या आसपास, थोडं वर गेलं तरी चालेल. आमच्याकडे जून ते सप्टेंबर रस्ता कोरडा म्हणून मिळत नाही त्यामुळे टायर मुख्यतः पावसासाठीच हवा, टिकला कमी तरी चालेल.

चाक_आणि_चिखल
भावा तिघांचंही ऐकू नको 😄

आधी बटन टायरचं. तो चिखलासाठी, मातीसाठी. त्यावरच्या सुट्या रबरी गोट्या मातीत रुततात म्हणून तिथे पकड मिळते. ओल्या डांबरावर किंवा सिमेंटवर त्या रुतणार कशात? तिथे रस्त्याला टेकलेलं रबर किती आणि कसलं हे महत्त्वाचं, आणि बटन टायरमध्ये गोट्यांच्या मधे नुसती रिकामी जागा असते म्हणजे टेकलेलं रबर उलट कमी. वर वळणावर गाडी झुकवली की त्या गोट्या लवलवतात, गाडी डळमळल्यासारखी वाटते. दूधवाले लावतात ते बरोबरच आहे, त्यांना वाडीतल्या कच्च्या रस्त्याने कॅन घेऊन जायचं असतं. तुला घाट उतरायचाय.

खाचांचं काम साचलेलं पाणी बाजूला काढायचं. पण घाटात बहुतेक वेळा साचलेलं पाणी नसतंच, रस्त्यावर पाण्याचा पातळ थर असतो आणि तिथे खेळ सगळा रबराचा. मऊ रबर थंड ओल्या रस्त्याच्या खडबडीत कणांत बसतं, कडक रबर वरून घसरतं. चांगल्या टायरमध्ये यासाठीच सिलिका घालतात, थंड आणि ओल्यात ते रबर मऊ राहतं. आणि टायर जुना झाला की खाचा असल्या तरी रबर कडक होतं, जुन्या स्लीपरचा तळवा होतो तसं. म्हणून पुढच्या टायरच्या खाचा बघू नको, तारीख बघ. साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूवर, डॉट (DOT) लिहिलेल्या ओळीत शेवटी लंबगोल चौकटीत चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. म्हणजे २३१९ असेल तर २०१९ चा २३ वा आठवडा. आकडे एका बाजूलाच असतात कधीकधी, दुसरी बाजूपण बघ. नंतर नख रुतवून बघ, आणि साइडवॉलला खाचांच्या मुळाशी बारीक भेगा आहेत का तेपण.

आणि एक, पावसात पुढचा टायर हा मागच्यापेक्षा महत्त्वाचा. ब्रेक मारल्यावर वजन पुढे येतं. मागचा सरकला तर सावरायला वेळ मिळतो, तुलाही परवा मिळालाच की. पुढचा गेला की माणूस जमिनीवर असतो आणि मग विचार करतो काय झालं. लोक पैसे नेमके उलटे खर्च करतात, मागे भारी टायर आणि पुढे कंपनीतून आलेला सहा वर्षांचा.

रुंद टायरचं दुसरे लोक सांगतील, माझी शिफ्ट सुरू होतेय.

राजदूत_ते_शाईन
मी तीस वर्षं गाडी चालवतोय, कोकणातच. आम्ही पावसाळ्यात हवा चार-पाच पॉइंट कमीच ठेवायचो, टायर जरा पसरतो, रस्त्याला जास्त चिकटतो, साधा हिशोब आहे. आजकालची मुलं इंटरनेट वाचून गाडी चालवतात. कधी पडलो नाही.

कोयनेकाठी
काका आदर आहे, पण ही गोष्ट मातीच्या रस्त्यावर खरी आहे, तुमच्या वेळचे निम्मे रस्ते तसे होते म्हणून तुम्हाला फायदा दिसलाही असेल. ओल्या पक्क्या रस्त्यावर उलटं होतं.

टायर पसरतो म्हणजे तेच वजन जास्त जागेवर वाटलं जातं, म्हणजे पाणी दाबून बाहेर काढायचा जोर कमी होतो. शिवाय हवा कमी असली की टायर मधे आत दबतो आणि खाचांची तोंडं मिटतात, म्हणजे पाणी जायची वाटच बंद. नासाच्या लोकांनी १९६३ मध्ये विमानाच्या टायरसाठी हिशोब मांडला होता, टायर पाण्यावर तरंगायला लागायचा वेग हा हवेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. त्या सूत्राने ३३ पीएसआयला (आपण पॉइंट म्हणतो तेच) ताशी साधारण ९५ किमी येतो आणि २५ ला ८३. आता बाइकचा टायर गोल असतो, पाणी कापत जातो, त्यामुळे बाइकला प्रत्यक्ष वेग याहून जास्त लागतो आणि परशुराम घाटात पावसात ८३ ने कोणी जात नाही (जात असेल तर त्याला टायरचा सल्ला देऊन उपयोग नाही). म्हणजे तरंगायची भीती घालत नाहीये मी. पण दिशा कळते, हवा कमी केली की धोका वाढतो, कमी होत नाही. खरा त्रास वेगळाच, पुढचं चाक जड होतं, वळणात गाडी उशिरा ऐकते, आणि पाण्याने भरलेल्या खड्ड्यात गेली की रिम वाकते. आणि खड्डे आपल्याकडे किती आहेत ते सांगायला नको.

कंपनीने दिलेला दाब चेनकव्हरवर किंवा चिमट्यावर (मागचं चाक धरणारा दांडा) स्टिकर असतो त्यावर बघायचा, डबलसीट असेल तर मागे वेगळा आकडा दिलेला असतो. सकाळी गाडी थंड असताना भरायची. बास.

रुंद टायर: तुझं माप पुढे ८०/१००-१८ आणि मागे १००/९०-१८, पहिला आकडा रुंदीचा, मिमीमध्ये. त्या रिमला १२० घातला तर कडा आत ओढल्या जातात, टायरचा वरचा भाग टोकदार होतो, म्हणजे सरळ जाताना टेकणारी जागा उलट कमी पण होऊ शकते. मडगार्डला चेनला घासायची शक्यता वेगळी. आणि पाण्यात अरुंद टायर वाईट नसतोच, तो पाणी कापतो. दिसायला भारी दिसतं म्हणून लोक लावतात, त्याला पकडीचं नाव देतात.

अ‍ॅक्टिव्हावाली_गोवळकोट_रोड
मी बाइकवाली नाही पण दोन गोष्टी सांगते कारण याच रस्त्यांवर मीपण घसरलेय आणि माझी चाकं तर अजून छोटी.

एक, वॉशिंगला गाडी दिली की पोरं चमकायला टायरला पॉलिश मारतात. स्पष्ट सांगायचं टायरला काही लावू नको. ते सिलिकॉनचं तेलकट असतं, साइडवॉलवरून सरकून रस्त्याला टेकणाऱ्या भागावर येतं. मला एकदा सर्व्हिसिंगहून गाडी घेतल्यावर पहिल्याच वळणावर कळलं.

दोन, काही जागी कुठलाही टायर लावा, उपयोग शून्य. झेब्राचे पांढरे पट्टे, पुलावरच्या जोडाच्या लोखंडी पट्ट्या, गटाराची झाकणं, पेट्रोलपंपाच्या बाहेर पडायची जागा, कामाच्या ठिकाणी डंपरने टाकलेली तांबडी माती जी पावसाने साबणासारखी होते. घरासमोरच्या शेवाळलेल्या सिमेंटवर तर चालतानाच माणूस पडतो. तिथे ब्रेक नाही, वळण नाही, रेस सोडून सरळ जायचं. आणि जूनचा पहिला पाऊस सगळ्यात वाईट, वर्षभराचं डिझेल ऑइल धूळ वर येतं, नंतर दोन-चार मोठे पाऊस झाले की रस्ता धुतला जातो आणि बरा होतो. लोटेच्या रस्त्याला एवढे टँकर आहेत की तिथे हे जास्तच.

टायरवाला_कराड
दुकान माझंच आहे म्हणून दुकानदाराची बाजू पण ऐका 😀 बटन टायर सांगणारा बहुतेक स्टॉक संपवत असेल. गिऱ्हाईकाने काय बघावं तर, माप तेच, टायरवर ४७ पी, ५६ पी असलं लिहिलेलं असतं ते मूळच्यापेक्षा कमी नको. ४७ म्हणजे टायर १७५ किलो पेलतो, ५६ म्हणजे २२४ किलो, आणि पी म्हणजे जास्तीत जास्त ताशी १५० किमीचा वेग. तारीख दुकानातच बघून घ्या, सहा महिन्यांच्या आतला मिळाला तर उत्तम, दोन वर्षं गोडाऊनमध्ये पडलेला सवलतीत देत असेल तर ती सवलत तुमच्या उपयोगाची नाही, पावसासाठी तर नाहीच.

कुठला घ्यावा यावर इथे भांडणं होतील, पण या मापात एमआरएफ, सिएट, टीव्हीएस युरोग्रिप यांचे रोडचे टायर सहज मिळतात आणि तुमच्या बजेटमध्ये बसतात. मिशेलिनचा सिटी प्रो मिळाला तर माझी स्वतःची पसंती पावसासाठी तोच, पण आमच्याकडे दरवेळी दोन्ही मापं येतीलच असं नाही. नक्षी बघताना मधे एक सलग जाड पट्टी आणि बाजूला नुसत्या नावापुरत्या खाचा असा घेऊ नका, तो मायलेजवाला. मधूनच तिरप्या खाचा निघून काठापर्यंत जातात तसा घ्या. मऊ रबर लवकर झिजणार हे लक्षात असू द्या, नंतर येऊन मला शिव्या देऊ नका.

कायद्याने दुचाकीला खाच ०.८ मिमी असली तरी चालते. मी पावसासाठी दोनवर आली की बदला सांगतो. लोक म्हणतात धंदा करतो. करतो की, पण घाटात ०.८ वर फिरून दाखवा.

आणि बाइकच्या टायरला ब्लेडने नव्या खाचा पाडून देणारे आहेत, त्यांच्याकडे चुकूनही जाऊ नका, खालची कॉर्ड, म्हणजे आतले धागे, उघडी पडते. ट्यूबलेस आहे तर पंक्चरची पट्टी आणि छोटा पंप डिकीत ठेवा, पावसात पंक्चर वाढतात, ओलं रबर खिळ्याला सहज वाट देतं.

लोटे_फर्स्टशिफ्ट
बघितली तारीख. पुढचा ३१२०. म्हणजे गाडीबरोबर आलेला, पाच वर्षं उलटून गेली. नख रुतत नाही. भेगापण आहेत, बारीक, खाचेच्या मुळाशी, अगदी चाक_आणि_चिखल म्हणाला तसंच. दोन्ही बदलतो मग. एबीएस आहे ना पुढे, तरी एवढं मनावर घ्यायची गरज आहे का असं बायकोला म्हटलं तर तिनेच मला झापलं.

चाक_आणि_चिखल
वहिनींचं बरोबर. एबीएस चाक जाम होऊ देत नाही, पकड तयार करत नाही. टायरकडे पकड जेवढी आहे तेवढीच ते वापरू देतं, कडक टायरवर ते कटकट करत राहतं आणि गाडी थांबत नाही. तुझ्या गाडीला तर मागच्या ड्रमला तेही नाही, परवा मागून सरकली ती त्यामुळेच, मागचा ब्रेक पायाने जोरात दाबला असशील. मागचा हलका, पुढचा हळूहळू वाढवत, आणि घाट उतरताना तिसऱ्या गिअरमध्ये ठेव म्हणजे ब्रेकला काम कमी.

नवीन टायरवर पहिले शंभर-दीडशे किमी जपून, वरचा थर गुळगुळीत असतो. शक्यतो रविवारी कोरडं असेल तेव्हा गुहागरला जाऊन ये आणि मग सोमवारी शिफ्टला.

राजदूत_ते_शाईन
हवेचं कोयनेकाठीने सांगितलं ते वाचलं. स्टिकरवरचा आकडा बघितला आज, मी त्याच्यापेक्षा बराच खाली चालवत होतो. बघतो भरून. पण माझ्या वाडीच्या मातीत मी कमीच ठेवणार.

लोटे_फर्स्टशिफ्ट
बसवले. सिटी प्रो पुढचा मिळाला मागचा नाही, म्हणून दोन्ही एमआरएफचे घेतले, जोडी एकच असावी म्हणून. तारखा दोन्हीच्या याच वर्षीच्या. घरी आणून बघतोय तर पुढच्या टायरच्या खाचा मागच्याच्या उलट्या दिशेला आहेत. मागच्याचं व्ही एका बाजूला तोंड करून आणि पुढच्याचं बरोबर उलट. पोराने उलटा बसवला काय?

टायरवाला_कराड
खाचा बघू नका, साइडवॉलवर बाण असतो तो बघा. गाडी पुढे जाताना चाक जिकडे फिरतं तिकडेच बाण हवा. पुढच्याचा आणि मागच्याचा दोन्ही बाण बरोबर असतील तर खाचा उलट्या दिसल्या तरी बरोबर आहे. मागच्या चाकावर जोर इंजिनचा येतो, पुढच्यावर ब्रेकचा, म्हणजे दोघांवर ताण उलट्या दिशेने, त्यामुळे रबराचे थर आणि जोड त्या हिशोबाने बसवलेले असतात. बऱ्याच टायरवर पुढच्यासाठी वेगळा आणि मागच्यासाठी वेगळा असे दोन बाणपण छापलेले असतात, तेव्हा कुठला बाण वाचायचा तेपण बघा. बाण चुकला असेल तर उद्याच परत न्या, फिरवून द्यायला पैसे देऊ नका.

लोटे_फर्स्टशिफ्ट
बाण बरोबर आहेत दोन्ही. त्याला उगाच फोन करून ओरडलो, उद्या वडापाव घेऊन जातो.