पाऊस खरंच बदलला, की आपली आठवण?

शिवारकर: ‘पाऊस पूर्वीसारखा राहिला नाही’ असं शेतकरी म्हणतात, एवढ्यावर धोरण ठरवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. उष्णता वाढल्याचं शेतकरी बहुधा बरोबर सांगतात. पण ‘पाऊस कमी झाला’ म्हणतात, तेव्हा नोंदीतली वार्षिक बेरीज बरेचदा जवळपास तेवढीच निघते. अलीकडचा दुष्काळ मनात ठसतो, जुने पुसट होतात.

कोरडवाहू: वार्षिक बेरीज घेऊन पीक काय करणार? पेरणीनंतर २० दिवस उघडीप पडली आणि मग एका रात्रीत १०० मिमी कोसळला, तर महिना ‘सरासरी’ ठरतो. शेतात मात्र उगवलेलं करपलेलं असतं आणि वरची माती ओघळीतून गेलेली असते. हवा १ अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते, म्हणून सरी जोरकस होतात. उघडिपीत तीच तापलेली हवा जमीन लवकर सुकवते. शेतकरी ‘पाऊस’ म्हणतो तेव्हा तो मुळाशी टिकलेली ओल सांगत असतो.

शिवारकर: ओल तर सेंद्रिय कर्ब, म्हणजे मातीतला कुजलेला पालापाचोळा-शेणखताचा अंश, घटल्यानेही जाते, जास्त पाण्याचं पीक घेतल्यानेही. निदान चुकलं की उपायही चुकतो. पाऊस घटला म्हणून जो तो बोअर मारतो, काही वर्षं निभावतं, मग पाणी आणखी खोल जातं आणि शेजाऱ्याची विहीरही आटते.

बांधावरून: बोअर मारणाऱ्याला हे कळत नाही असं नाही हो. समोर उभं पीक असतं, डोक्यावर कर्ज असतं. आणि शेतकऱ्याचं निदान नेहमी चुकतं असंही नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासोचे शेतकरी याकुबा सावादोगो यांनी १९८० च्या दशकात पाणी अडवून पेरणी करायचे जुनेच ‘झाई’ खड्डे मोठे केले, उन्हाळ्यातच खणून शेणखताने भरले. वाळवीने जमीन पोखरली, पाणी मुरलं, ओसाड माळावर धान्य आणि झाडं उभी राहिली.

कोरडवाहू: सावादोगोंबद्दल आदरच आहे, पण त्यांचं नाव पुढे करून सगळा भार शेतकऱ्यावर टाकू नका. पाण्याखाली साधारण दोन आठवडे तगणाऱ्या ‘सब-१’ भातजाती पाहा. गुण ओडिशाच्या देशी वाणातला, तो लोकप्रिय जातींत आणला संशोधकांनी. शेतकरी आणि संशोधक, दोन्ही बाजू लागल्या.

शिवारकर: हे पटलं. पण मग नोंदीही शेतकऱ्याच्या उपयोगाच्या हव्यात: गावोगावी पर्जन्यमापक, आणि बेरजेसोबत सलग कोरड्या दिवसांची मोजणी. तोवर नुसत्या आठवणीवर पीकविम्याचे निकष ठरवायला माझा विरोधच राहील.